पेटी क्रमांक त्रेसष्ट

आमच्या भूगर्भ खात्याच्या आवारात दोन इमारती होत्या. पुढची तीन मजली. तिच्यात साहेब, टंकलेखक, नकाशे काढणारा मी आणि कायमची रुसलेली लिफ्ट. मागे पत्र्याचं लांबच लांब कोठार. तिथे माणसं दोन-तीन आणि बाकी सगळा दगड.

जमिनीत खोल बोअर घेताना पोकळ नळीतून दगडाचा जो दांडा वर येतो, त्याला कोअर म्हणतात. मनगटाएवढा जाड, आणि बहुतेक वेळा तुकडे होऊनच आलेला. ते तुकडे ज्या क्रमानं वर येतात त्याच क्रमानं लाकडी पेटीत मांडायचे. एका पेटीत चार खाचा, एका खाचेत एक मीटर दगड. पेटीवर बोअरचा नंबर आणि खोली लिहायची. अशा अकरा हजार पेट्या आमच्या कोठारात होत्या, आणि त्या सांभाळणाऱ्या बाईंना सगळे पेटीबाई म्हणत. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं, ते तिथेच राहिलं.

पेटीबाई चणीनं लहान, चालणं झपझप, अंगात निळा कोट आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. एखाद्या साहेबानं विचारावं, "बाई, त्या उत्तरेकडच्या बोअरमधला तांबूस दगड..." आणि वाक्य पुरं व्हायच्या आत यांनी म्हणावं, "सहावी रांग, वरून तिसरी पेटी. पण ती खिडकीशी घेऊन बघा, इथल्या दिव्याखाली तो तपकिरी दिसतो." शिक्षण जेमतेम शाळेपुरतं. पण तीस वर्षं दगड धुता धुता, साहेबांचं बोलणं ऐकता ऐकता त्या इतकं शिकल्या होत्या, की नवे पदवीधर आधी त्यांच्याकडे जायचे आणि मग पुस्तकाकडे. दगडात वाळू किती आणि चिकणमाती किती हे ठरवायला त्या चिमूटभर चुरा दातांखाली घेत. करकर वाजलं तर वाळू, लोण्यासारखं सरकलं तर माती. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "बाई, घरी डबा तरी खाता का?" तर म्हणाल्या, "नकाशेवाले, तुम्ही शाई पिता म्हणून मी काही बोलले का?"

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या चार वर्षांत जे घडलं ते. मी त्यातला थोडासा भाग डोळ्यांनी पाहिला आणि बराचसा त्यांच्याच तोंडून ऐकला.

आमच्या भागात सिमेंटचे कारखाने आणि एक मोठं वीजकेंद्र आहे. त्यांच्या धुरातला कार्बन वायू हवेत सोडायच्या ऐवजी वेगळा काढायचा, दाबून दाबून जवळजवळ पाण्यासारखा करायचा आणि जमिनीखाली सव्वा किलोमीटरवर वाळूच्या खडकात भरून ठेवायचा, अशी योजना निघाली. त्या खडकात खारं पाणी भरलेलं असतं; ते ना पिण्याच्या कामाचं ना शेतीच्या. वायू तिथे राहू शकतो. अट एकच: त्याच्या डोक्यावर घट्ट झाकण पाहिजे. आमच्याकडे ते झाकण म्हणजे काळ्या, चिकट मातीचा दगड झालेला ऐंशी मीटर जाडीचा थर. तो किती घट्ट आहे, त्याला भेगा आहेत का, असल्या तर किती लांब, हे सगळं पुराव्यानिशी मांडल्याशिवाय परवाना कार्यालय अर्जाला हात लावणार नव्हतं.

नवा बोअर घ्यायचा म्हणजे वेळ जातो. पण आमच्या कोठारात एक जुना दाखला होता. एकतीस वर्षांपूर्वी तेल शोधायला म्हणून त्याच जागी बोअर घेतला होता. तेल काही मिळालं नाही, पण झाकणाच्या थराचा सगळा कोअर पेट्यांत भरून आला होता. तेव्हापासून कुणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता त्याला सोन्याचे दिवस आले.

तो तपासायला एक तरुण भूवैज्ञानिक बाई आल्या. गळ्यात सदा एक छोटं भिंग लटकलेलं, म्हणून टंकलेखकानं पहिल्याच दिवशी त्यांना भिंगवाली करून टाकलं. भिंगवाली आणि पेटीबाई यांचं छान जमलं. तीन महिने रोज सकाळी दोघी पेट्या टेबलावर मांडायच्या. एक मोजायची, दुसरी ओल्या फडक्यानं दगड पुसून द्यायची. भिंगवाली त्यांना मावशी म्हणायची.

एका दुपारी भिंगवालीनं अहवालाचा मसुदा कोठारातच वाचून दाखवला. "ऐका हं मावशी. 'पेटी क्रमांक त्रेसष्ट, खोली अकराशे सत्त्याऐंशी ते अकराशे एक्क्याण्णव मीटर. सात भेगा. सगळ्या आखूड, पांढऱ्या खनिजानं भरलेल्या, एकमेकींपासून सुट्या. थर सलग आणि घट्ट.' कसं वाटलं? अख्ख्या झाकणात भेगा आहेत त्या एवढ्याच, आणि त्याही बिचाऱ्या सुट्या सुट्या. मोठे साहेब म्हणाले, हेच आपलं हुकमाचं पान."

पेटीबाई "छान" म्हणाल्या, आणि फडकं धुवायला नळाकडे गेल्या. फडकं स्वच्छच होतं; त्यांना तिथून निघायचं होतं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

कारण पेटी क्रमांक त्रेसष्ट त्यांनी पाडली होती.

एकतीस वर्षांपूर्वी त्या कोठारात रोजंदारीवर लागल्या, तेव्हा पाचवा महिना चालू होता. कामावर घेताना कोठारप्रमुखांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या: "अशा अवस्थेतल्या बाईला घ्यायचं म्हणजे उद्या काही झालं तर माझ्या गळ्याशी." तरी घेतलं. एक दिवस पेट्या जुन्या मांडणीवरून नव्या मांडणीवर हलवायचं काम निघालं. पेटीचं वजन चाळीस किलो, दोघींनी उचलायची. त्या दिवशी जोडीदारीण आली नाही. संध्याकाळपर्यंत रांग रिकामी झाली पाहिजे, असा हुकूम होता. नाही म्हटलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतील, या भीतीनं त्यांनी एकटीनं पेट्या ओढायला सुरुवात केली. बासष्ट गेली. त्रेसष्टचं एक टोक निसटलं. वरच्या दोन खाचा कशाबशा राहिल्या, खालच्या दोन फरशीवर रिकाम्या झाल्या. एकोणीस तुकडे.

"काळे सगळे सारखे," त्या सांगत होत्या. "एका आईची एकोणीस लेकरं. कुठला वरचा, कुठला खालचा, काही कळेना. तेव्हा मला दगडातलं ओ की ठो येत नव्हतं. सात तुकड्यांवर पांढऱ्या रेघा होत्या. म्हटलं, एकाच जागी गर्दी केली तर वाईट दिसेल. म्हणून त्या सारख्या अंतरावर वाटून ठेवल्या. दिसायला नीटनेटकं दिसावं म्हणून हो! आणि पेटी बंद केली."

कुणी विचारलं नाही. बोअर कोरडा निघालेला, कोण उघडणार ती पेटी? पुढे मुलगी झाली, नोकरी कायम झाली, मुलगी मोठी होऊन परगावी परिचारिका झाली. पेटीबाईंना दगड वाचता येऊ लागला, आणि जसजसा तो वाचता येऊ लागला, तसतसं आपण काय करून ठेवलंय तेही कळू लागलं. पण कोरड्या बोअरच्या पेटीचं ओझं किती वाहायचं? दोन-चार वर्षांनी त्या ते विसरल्या. निदान त्यांना तसं वाटलं.

मसुदा वाचून झाला त्याच आठवड्यातल्या रविवारी त्या अक्काकडे गेल्या. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिची वसाहत त्या जुन्या बोअरपासून दोन किलोमीटरवर. बैठी घरं, मध्ये शाळा, कडेला पाण्याची टाकी. अक्का शाळेत स्वयंपाकीण होती. स्वभावानं रोखठोक, वसाहतीत तिच्या शब्दाला वजन.

"तुमच्या खात्याची माणसं येऊन गेली," अक्का म्हणाली. "चित्रं दाखवली. म्हणे खाली वायू कोंडणार आणि वर ऐंशी मीटरचं झाकण आहे. निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. तू एक सांग, ते झाकण तू स्वतः बघितलंयस?"

"बघितलंय."

"हात लावून?"

"हात लावून."

"मग झालं तर. शेजारीण तीन दिवस माझं डोकं खातेय. सांगते तिला, माझ्या बहिणीनं हात लावून बघितलंय."

पेटीबाई घरी परत आल्या त्या थेट नवऱ्यापुढे जाऊन बसल्या. नवरा पंपांच्या जळालेल्या मोटारींना नव्यानं तार गुंडाळून द्यायचा; घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान. तांब्याच्या तारेचं वेटोळं हातात धरून त्यानं सगळं ऐकून घेतलं. एकतीस वर्षांत ही गोष्ट तोही पहिल्यांदाच ऐकत होता.

"भिंगवालीला कळेल का हे?" त्यानं विचारलं.

"नाही."

"साहेबांना?"

"कुणालाच नाही."

"मग झाली की झाकली मूठ सव्वा लाखाची. तीन-चार वर्षं राहिली नोकरीची. कशाला दगडाखाली हात घालतेस?"

"मूठ माझी आहे हो," पेटीबाई म्हणाल्या, "पण झाकण अक्काच्या घराखालचं आहे."

नवऱ्यानं तार खाली ठेवली. मग म्हणाला, "सांगायचं असेल तर उद्याच सांग. परवा तू सांगणार नाहीस. मी तुला ओळखतो."

सोमवारी सकाळी भिंगवाली अर्जासाठी पेट्यांचे फोटो काढत होती. एकसष्ट झाली, बासष्ट झाली. त्रेसष्टवर दिवा लावला, तेव्हा पेटीबाईंनी पेटीवर आडवा हात धरला.

"हिचा फोटो काढू नका."

"का? ओली आहे का अजून?"

"ही मी पाडली होती. खालच्या दोन खाचा मी मनानं लावल्यात."

भिंगवालीला आधी काही उमजलंच नाही. मग तिनं कॅमेरा टेबलावर ठेवला. "केव्हा पाडली?"

"एकतीस वर्षं झाली."

"आणि मी तीन महिने हे तुकडे मोजत होते तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी उभ्या होतात! फडकं घेऊन!"

"हो."

"एकदाही जीभ उचलली नाही तुमची?"

"नाही उचलली."

पेटीबाईंना वाटलं होतं, पोरगी समजून घेईल. ती घेणार नव्हती, निदान त्या दिवशी तरी. ती उठून तडक पुढच्या इमारतीत गेली, आणि अर्ध्या तासानं मोठ्या साहेबांच्या खोलीत बोलावणं आलं. मी तिथेच होतो. अर्जाचे नकाशे दाखवायला गेलो होतो आणि बाहेर जा असं मला कुणी म्हटलं नाही.

मोठे साहेब वाईट माणूस नव्हते. पण अर्ज द्यायला पाच आठवडे उरले होते आणि वरून रोज फोन येत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बाई, हे आणखी कुणाला सांगितलंत?"

"नवऱ्याला."

"अहो, कुणी विचारलं नव्हतं. कुणी विचारणारही नव्हतं." मग भिंगवालीकडे वळून म्हणाले, "ती एक पेटी गाळून टाका ना. वीस पेट्या आहेत झाकणाच्या. एक नसली तर काय बिघडतं?"

भिंगवाली पेटीबाईंवर चिडलेली होती, पण ती म्हणाली, "गाळली तर का गाळली ते लिहावं लागेल, सर. आणि भेगा नेमक्या तिच्यातच आहेत. परवाना कार्यालय पहिल्यांदा तीच मागेल."

शेवटी साहेब म्हणाले, "तुकडे जुळवता येतात का ते आधी बघा. मग काय ते ठरवू."

ते जुळवण्याचं काम नऊ दिवस चाललं, आणि त्यात मीही ओढला गेलो. मोडलेल्या दगडाची कड फुटक्या बशीच्या कडेसारखी असते. एकीत तिचीच जोडीदार कड चपखल बसते. वरच्या दोन खाचा जागेवर राहिल्या होत्या, म्हणून दुसऱ्या खाचेतला शेवटचा तुकडा खात्रीचा होता. तिथून सुरुवात करायची. मी प्रत्येक कडेचा ठसा कागदावर उतरवत होतो. भिंगवाली भिंगातून कण बघत होती. पण खरं काम पेटीबाईंची बोटं करत होती. डोळे मिटून त्या दोन तुकडे एकमेकांवर टेकवत, किंचित फिरवत आणि म्हणत, "नाही. ही सावत्र आहे." कधी एखादा तुकडा उलटा धरला तर टक् करून बसे, म्हणजे एकतीस वर्षं तो डोक्यावर उभा होता.

पहिले दोन दिवस भिंगवाली कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी एक अवघड जोड बसला तेव्हा तिच्या तोंडून आपसूक "वा, मावशी!" निघालं, आणि मग तिनं तो शब्द परत घेतला नाही.

एकोणीसपैकी सोळा तुकडे नक्की बसले. तिघांच्या कडा झिजल्या होत्या. त्यांची जागा अंदाजानंही सांगायची नाही, असं पेटीबाईंनीच बजावलं. "एकदा अंदाजानं लावलेत तेवढे पुरे झाले."

सोळा तुकडे ओळीनं लागल्यावर पांढऱ्या रेघा एकमेकींना भेटल्या. सात भेगा नव्हत्याच. एकच होती, तिरकी, वरून खाली जाणारी. पेटीच्या तळाशी ती संपत नव्हती. चौसष्ट क्रमांकाच्या पेटीतल्या पहिल्या तुकड्यावर एक रेघ होती, ती आम्ही वरवरचा ओरखडा मानून सोडून दिली होती. ती हिचीच शेपटी निघाली. तिथून वीतभर खाली जाऊन ती मिटली. एकूण दीड मीटर. बहुतेक जागी पांढऱ्या खनिजानं बुजलेली, पण दोन ठिकाणी भिंगाखाली बारीक पोकळी दिसली. सुईचं टोक जाईल एवढीच.

ऐंशी मीटर झाकणात दीड मीटरची भेग म्हणजे आभाळ कोसळलं असं नव्हे. पण मनगटाएवढ्या कोअरमध्ये एक अशी सापडते, तर आजूबाजूला आणखी किती असतील? ते त्या पेट्या सांगू शकत नव्हत्या. भिंगवालीनं तसं लिहून दिलं. मोठ्या साहेबांनी ते पान दोनदा वाचलं, हात टेकले आणि वर फोन लावला. अर्ज पुढे ढकलला गेला. जुन्या बोअरपासून चार किलोमीटरवर नवा बोअर घ्यायचा, झाकणाचा सगळा कोअर पुन्हा काढायचा, असं ठरलं.

पेटीबाईंना खुलासा मागणारं पत्र आलं. त्यांनी उत्तर स्वतःच्या हातानं लिहिलं, एक पान. दिवस, वेळ, पेटीचा नंबर, किती तुकडे पडले, आपण काय केलं, का केलं आणि का सांगितलं नाही. "भीती वाटली" एवढंच कारण होतं. जोडीदारीण आली नव्हती हे त्यांनी लिहिलं, पण तिचा दोष म्हणून नाही. सेवापुस्तकात ताकीद नोंदली गेली. टंकलेखक जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, "बाईंनी एक पेटी आडवी केली आणि अख्खं खातं आडवं झालं." काही जण हसले. ज्यांची कामं लांबली होती ते काही महिने त्यांच्याशी धड बोलले नाहीत. बाईंनी ते निमूट सोसलं.

अक्काला सांगणं सगळ्यात जड गेलं. ते त्यांनी पुढच्याच रविवारी उरकलं. अक्का ऐकून म्हणाली, "हात लावून बघितलंय म्हणालीस."

"लावला होता हात. चुकीच्या जागी ठेवलेल्या दगडाला."

"म्हणजे मी शेजारणीला जे सांगितलं ते?"

"ते जाऊन मागे घे. नाहीतर मी घेते."

अक्कानं त्या दिवशी चहासुद्धा विचारला नाही. पण संध्याकाळी ती शेजारणीकडे गेली, आणि पेटीबाई तिच्याबरोबर गेल्या.

नव्या बोअरच्या जागी पेटीबाईंना मुद्दाम नेलं. इतकी वर्षं दगड सांभाळले, पण जमिनीतून कोअर निघताना त्यांनी कधी पाहिला नव्हता. उंच मनोरा, चिखल, यंत्रांचा कानठळ्या बसवणारा आवाज. नळीतून पहिला काळा दांडा बाहेर सरकला, तेव्हा त्यांनी कुणालाही हात लावू दिला नाही. आधी त्याच्यावर खडूनं शेजारी शेजारी दोन रेघा ओढल्या, उजवीकडे लाल आणि डावीकडे पिवळी, वरपासून खालपर्यंत. मग प्रत्येक तुकड्यावर नंबर. आता तो मोडो, पडो, उलटा होवो. त्याचं डोकं कुठे आणि पाय कुठे हे कुणालाही कळेल. ही पद्धत बाहेर जुनीच आहे. आमच्या खात्यात कुणी पाळत नव्हतं.

बोअरवरचा मिस्त्री हसून म्हणाला, "बाई, दगडाला काय शाळेत घालताय?"

"शाळेत नाही. पण हरवला तर घरचा पत्ता सांगता यायला हवा त्याला."

चार दिवसांनी मिस्त्रीची माणसं स्वतःच खडू मागायला लागली.

कोअर बाहेर आल्यावर महिनोन्महिने चाचण्या झाल्या. झाकण तिथे त्र्याऐंशी मीटर निघालं. अकरा भेगा मिळाल्या. सगळ्यात लांब होती ती तळहाताएवढी, आणि सगळ्या बुजलेल्या. बोअरमध्ये पाणी दाबून दगड कितपत सोसतो तेही पाहिलं. पाहिजे होता त्यापेक्षा बऱ्याच जास्त दाबाला तो टिकला. हे आकडे मीच आलेखावर चढवले, आणि भिंगवालीनं ते तीन वेळा तपासले.

मग जनसुनावणी झाली, अक्काच्या शाळेच्या सभागृहात. परवाना कार्यालयाचे अधिकारी मंचावर, वसाहत खुर्च्यांवर. दोन तास प्रश्न चालले. एक जण उठून म्हणाला, "तुमचे कागद तुम्हीच लिहिता, तुम्हीच वाचता. आम्ही विश्वास का ठेवायचा?"

भिंगवालीनं अर्जातलं एक पान वर धरलं. पेटीबाईंचा खुलासा तिनं अर्जाला जोडला होता. मोठ्या साहेबांनी हो-ना करत त्याला मान्यता दिली होती. "हे ज्यांनी लिहिलंय त्या इथेच आहेत," ती म्हणाली.

पेटीबाई उभ्या राहिल्या. सभेत बोलायची सवय नव्हती. मग त्यांनी जे घडलं ते सांगितलं. मला सांगितलं होतं तसंच, पेटी कशी निसटली इथपासून. सभागृहात कुजबुज झाली. कुणीतरी मागून म्हणालं, "म्हणजे आधीचा अर्ज खोटा होता?" "खोटा नव्हता," बाई म्हणाल्या. "चुकला असता. आणि चुकलाय हे फक्त मला ठाऊक असतं."

मग तिसऱ्या रांगेतून अक्का उठली. बहीण म्हणून तिनं काही सूट दिली नाही. "जुन्या बोअरजवळची ती भेग. तिच्या आजूबाजूला आणखी किती आहेत?"

"माहीत नाही, अक्का."

"कळेल का?"

"सगळं कधीच कळणार नाही. म्हणून तर वायू तिथे भरायचा नाही, चार किलोमीटर लांब भरायचा. आणि तो जुना बोअर तळापासून वरपर्यंत पुन्हा सिमेंटनं बुजवायचा."

"आणि तरी आला वर, तर?"

यावर पेटीबाईंनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं. अक्कानंच पुढे सांगितलं, "मग आमच्या वसाहतीत एक बोअर पाडा, नुसता लक्ष ठेवायला. आणि त्याचा आकडा दर आठवड्याला शाळेच्या फळ्यावर लिहा. आम्हाला कळेल अशा भाषेत." अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. लिहून घेतलेलं सगळंच होतं असं नाही, पण हे झालं.

परवाना यायला आणखी वर्ष लागलं. मूळ ठरल्यापेक्षा सगळं मिळून सव्वादोन वर्षं उशीर. त्या दिवशी पुढच्या इमारतीत हसणं-खिदळणं चाललं होतं. मी परवान्याची प्रत घेऊन कोठारात गेलो. बाईंच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. मला वाटलं, त्यांना आनंद होईल. झाला असेलही. पण त्यांनी चष्मा लावला, पहिलं पान उलटलं आणि विचारलं, "अटी कुठे आहेत?"

अटी एकतीस होत्या. उभ्या उभ्या त्यांनी सगळ्या वाचल्या. वसाहतीतला निरीक्षणाचा बोअर होता, फळ्यावरचा आकडा होता. बाविसाव्या अटीशी त्या थांबल्या. वायू भरणं थांबल्यानंतर पन्नास वर्षांपर्यंत जुना आणि नवा सगळा कोअर नीट जतन करावा, असं तिथे लिहिलं होतं.

"वायू किती वर्षं भरणार?"

"पंचवीस."

"म्हणजे पंचाहत्तर वर्षं." त्यांनी कागद दुमडला आणि तशाच मोठ्या साहेबांकडे निघाल्या. मी मागोमाग.

"साहेब, कोठाराला दोन माणसं द्या. आत्ता. मी असेपर्यंत."

"बाई, जागा मंजूर नाहीत."

"मग करून घ्या. या अटीखाली तुमची सही आहे, माझी नाही."

साहेब हसले, पण दोन महिन्यांनी माणसं आली. एक बाई, आधी ग्रंथालयात काम केलेली. एक बाप्या, आधी औषधांच्या गोदामात असलेला. दोघंही मन लावून काम करणारे, वह्या-पेनं घेऊनच आलेले. पेटीबाईंनी पहिला आठवडा त्यांना वही उघडू दिली नाही. रोज दहा पेट्या मांडायच्या, ओल्या करायच्या आणि नुसतं बघत बसायचं. तिसऱ्या दिवशी गोदामवाला कंटाळून म्हणाला, "बाई, लिहू काय आता? सगळे काळेच तर आहेत."

"अजून सगळे काळे दिसतायत ना?" पेटीबाईंनी त्याच्या हातात ओलं फडकं दिलं. "मग अजून लिहू नका."